रॅम्पचा उतार कोण मोजतो?

सरकारी इमारतींना व्हीलचेअरसाठी रॅम्प जोडले की काम झालं, असा बऱ्याच जणांचा सूर आहे. रॅम्प हवाच, पण त्याचं प्रमाण 1:12 लागतं. म्हणजे पायऱ्यांची उंची 2 फूट असेल तर रॅम्प 24 फूट लांब हवा, शिवाय वर-खाली खुर्ची वळवण्याइतकी सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडा. जागा वाचवायच्या नादात तो सात-आठ फुटांत उरकतात, वर गुळगुळीत फरशी. त्यावरून मोटारसायकल चढते, व्हीलचेअर नाही. (बहुतेक वेळा तिथे मोटारसायकलच लावलेली असते, ते वेगळंच.)

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 44 आहे: सुगम्यतेचे (म्हणजे दिव्यांगांना इमारत सहज वापरता येण्याचे) निकष पाळल्याशिवाय इमारतीला पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना दिलेली पाच वर्षांची मुदतही कधीच उलटली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निकष सक्तीचे असले पाहिजेत असं बजावलं. तेव्हा विनंतीअर्ज पुरे. माहितीच्या अधिकारात सरळ विचारा, अमुक इमारतीला दाखला देताना काय तपासलं?

आणि नाशिकच्या 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं काय? रामकुंडावर पायऱ्याच पायऱ्या. घाटाचं काम निघतंच आहे तर एका कडेला सौम्य उतार आणि कठडा आत्ताच धरा, नंतर दगड फोडून करायला दुप्पट खर्च येईल. आराखड्यावर सही होण्याआधी व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्या नाशिककराला जागेवर घेऊन जा, एवढी तरी मागणी करूया.