‘देव पापाचा द्वेष करतो, पाप्यावर प्रेम करतो’ हे पवित्र शास्त्रात कुठं आहे?

कंबर तलाव (धागा सुरू करणारा)
उपासकाळ (इस्टरआधीचे उपासाचे दिवस) लागला की सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, कुठल्या ना कुठल्या उपासनेत हे वाक्य कानावर पडतंच. पोरं ते वचन समजून अध्याय विचारतात. अध्याय नाहीच. गांधीजींच्या आत्मकथेत या अर्थाचं वाक्य आहे. त्याच्या कितीतरी आधी, पाचव्या शतकात, बिशप ऑगस्टीननं मठातल्या भगिनींना लिहिलेल्या पत्रात (क्रमांक 211) माणसांवर प्रेम आणि दोषांचा द्वेष असं म्हटलंय. पण ती चुकलेल्या भगिनीला कसं सुधारावं याची सूचना आहे, देव कसा आहे याचं वर्णन नाही.

शास्त्र काय म्हणतं ते बघा. स्तोत्र 5:5 : कुकर्म करणाऱ्या सगळ्यांचा देव द्वेष करतो. कर्माचा नाही, करणाऱ्यांचा. स्तोत्र 11:5 : दुर्जनाचा आणि ज्याला जुलूम आवडतो त्याचा त्याला वीट आहे. नीतिसूत्रे 6:16-19 मध्ये परमेश्वराला न आवडणाऱ्या सात गोष्टी आहेत. डोळे, जीभ, हात, मन, पाय अशा पाच झाल्यावर शेवटच्या दोन थेट माणसं : खोटा साक्षीदार आणि भावाभावांत वैर पेरणारा. शिवाय न्यायाच्या दिवशी शिक्षा पापाला होत नाही, पाप्याला होते. मग पाप बाजूला काढून पाप्याला गोंजारणारं हे वाक्य आलं कुठून?

सात रस्ता
तुम्ही स्तोत्र 5 पाचव्या वचनावर थांबवलंत. सहाव्यात रक्तपाती आणि कपटी माणसाचा तिटकारा आहे, आणि सातव्यात स्तोत्रकर्ता म्हणतो की मी मात्र तुझ्या अपार दयेमुळे तुझ्या घरात येईन. स्तोत्रावर नाव दाविदाचं. आपलाच सैनिक उरीया याला युद्धात पुढं ठेवून मारवणारा दावीद राजा (2 शमुवेल 11) रक्तपातीही होता आणि कपटीही. नाथान संदेष्टा त्याला तोंडावर सांगतो की तो माणूस तूच. पुढच्या अध्यायात त्याला क्षमाही मिळते, आणि तलवार तुझ्या घरातून जाणार नाही हेही ऐकावं लागतं. दोन्ही एकाच भेटीत.

यापेक्षा मोठी गोष्ट प्रेषित पौलाच्या पत्रात आहे. रोमकरांस 3:10-18 मध्ये त्यानं जुन्या करारातली वचनं ओळीनं लावली आहेत, त्यात ‘त्यांचा गळा उघडी कबर’ हे वाक्य याच पाचव्या स्तोत्रातलं, नववं वचन. स्तोत्रात ते दाविदाच्या शत्रूंबद्दल होतं, पौलानं ते यहुदी आणि हेल्लेणी (ग्रीक), सगळ्यांना लावलं. म्हणजे देव ज्यांचा द्वेष करतो त्या यादीत ‘ते’ उरलेच नाहीत, आपणच आलो. आणि दोनच अध्यायांनंतर, 5:8 ला, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. 5:10 तर ‘शत्रू असताना’ म्हणतो. प्रवचनात स्तोत्र 5 वाचायचं असेल तर रोमकरांस 3 आणि 5 त्याच दिवशी वाचायला हवेत. एरवी ऐकणारा स्तोत्र ऐकून शेजाऱ्याकडं बघतो.

कंबर तलाव
दाविदाचं मान्य. पण पौलानं यादी वाढवली, खोडली नाही. आपण त्या यादीत असू तर द्वेष आपल्यावरही आहे, एवढंच ठरतं. योहान 3:36 वाचा : जो पुत्राचं ऐकत नाही त्याच्यावर देवाचा क्रोध राहतो. ‘राहतो’, म्हणजे आधीपासून होता. 3:16 (‘देवानं जगावर एवढी प्रीती केली’) फलकावर, 3:36 फडताळात, अशी वाटणी आपल्याकडं झालीय.

होटगी रोड
कॅथलिक बाजू कोणी मांडली नाही म्हणून. तेराव्या शतकातला आमचा धर्मपंडित थॉमस अक्वायनस हा प्रश्न थेट घेतो : त्याचा ‘सुम्मा थिओलॉजिका’ ग्रंथ, पहिला भाग, प्रश्न 20, कलम 2, चौथ्या आक्षेपाचं उत्तर. पापी हा निर्माण केलेला जीव म्हणून देवाला प्रिय, कारण त्याचं असणंच देवाच्या इच्छेनं आहे. पापी म्हणून त्याच्यात जे आहे ती उणीव, ती देवाकडून नाही, आणि त्या अंगानं तो द्वेष्य. म्हणजे पाप आणि पापी अशी फोड नाही, एकाच माणसाकडं दोन अंगांनी बघणं आहे. शिवाय देवाचं प्रेम म्हणजे भलं इच्छिणं. आपल्यासारखी चढउतार होणारी भावना ती नव्हे, आणि द्वेषही तसा नव्हे.

आमच्या बायबलमध्ये असलेलं आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नसलेलं ज्ञानग्रंथ हे पुस्तक 11:24 मध्ये सांगतं की तू निर्माण केलेल्या कशाचाही तुला तिटकारा नाही. आमचे लोक तेवढंच उचलतात. त्याच पुस्तकात 14:9 ला अधर्मी आणि त्याचा अधर्म दोन्ही देवाला सारखेच नकोसे आहेत, आणि बेन सिराच्या पुस्तकात 12:6 ला परात्पर पाप्यांचा द्वेष करतो असं स्वच्छ लिहिलंय. तेव्हा सोयीचं उचलण्यात दोन्ही मंडळ्या सारख्याच.

कन्ना चौक
एवढा घोळ कशाला की वो? रोमकरांस 9:13 आहे ना. याकोबावर प्रीती केली, एसावाचा द्वेष केला. अजून जन्मले नव्हते, बरंवाईट काही केलं नव्हतं. देवानं निवडलं, विषय संपला. सगळ्यांवर सारखंच प्रेम असेल तर निवड कशाची? सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विनचे अनुयायी उगाच भांडत नव्हते. 1924 ला अमेरिकेत कॅलमझू इथं ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चच्या सभेनं ठराव केला की निवडलेले नाहीत त्यांच्यावरही देवाची सर्वसाधारण कृपा असते, तर त्यांच्यातलाच पाळक हर्मन होक्सेमा यानं ते नाकारलं आणि वेगळी मंडळी उभी राहिली. म्हणजे नाही म्हणणारेही शास्त्र वाचूनच नाही म्हणत होते.

सात रस्ता
दादा, विषय तिथं सुरू होतो. पौल जे वाक्य घेतोय ते मलाखी 1:2-3 मधलं. मलाखी एसाव मेल्यानंतर शेकडो वर्षांनी बोलतोय, आणि पुढच्याच वचनात अदोमाचं, म्हणजे एसावाच्या वंशाचं, नाव आहे. म्हणजे ते राष्ट्राबद्दल आहे. एसाव माणूस म्हणून बघायचा तर उत्पत्ति 33 वाचा, धावत येऊन भावाला मिठी मारणारा तोच. आणि अनुवाद 23:7 मध्ये इस्राएलाला आज्ञा आहे की अदोम्याचा तिटकारा करू नका, तो तुमचा भाऊ आहे. देवाला एसावाचा आपल्या अर्थानं द्वेष असता तर ही आज्ञा कशाला?

प्रीती आणि द्वेष ही जोडी शास्त्रात पुष्कळदा पसंतीक्रम सांगते. लूक 14:26 मध्ये येशू बापाचा आणि आईचा द्वेष करा म्हणतो. तेच मत्तय 10:37 मध्ये : माझ्यापेक्षा त्यांच्यावर जास्त प्रीती करणारा माझ्या योग्य नाही. याकोबाच्या बायकांचंही तसंच, उत्पत्ति 29:30 ला राहेलवर जास्त प्रीती आणि 31 ला लेआ नावडती.

कंबर तलाव
एसावापुरतं चालेल. स्तोत्र 11:5 ला ही चावी लागत नाही. ‘जुलमी माणूस देवाला जरा कमी आवडतो’ असं वाचून बघा, स्तोत्राचा जीवच जातो. ज्याचं घर जाळलंय त्याला ते वचन हवं असतं. दंगलीत मार खाल्लेल्या माणसाला ‘देवाचं तुझ्यावर प्रेम आहे, मारणाऱ्यावरही आहे’ एवढंच सांगणाऱ्या पाळकाला तो पुन्हा घरात घेणार नाही, आणि बरोबर करेल.

पंढरपूर नाका
मी ख्रिस्ती नाही, माळकरी आहे, धागा वाचून विचारतो. आम्ही पांडुरंगाला पतितपावन म्हणतो, त्यामुळं देव पाप्याला जवळ करतो यात आम्हाला नवल नाही. अडतं दुसरीकडं. प्रेम आधीपासून होतं तर क्रूस कशासाठी? आणि क्रुसामुळं देव शांत झाला म्हणता तर त्याआधी प्रेम नव्हतं असं होतं.

होटगी रोड
माऊली, नेमकं बोट ठेवलंत. रागावलेला बाप आणि मध्ये पडून त्याला शांत करणारा प्रेमळ मुलगा, हे चित्र प्रवचनांत फार चालतं आणि ते चूक आहे. योहान 3:16 मध्ये पुत्राला देणारा बापच. 1 योहान 4:10 ला क्रम स्पष्ट आहे : प्रीती आधी, म्हणून पुत्राला प्रायश्चित्त म्हणून पाठवलं. ऑगस्टीन योहानावरच्या 110 व्या प्रवचनात म्हणतो की देव आपला द्वेष करत होता तेव्हाही अद्भुत रीतीनं आपल्यावर प्रेम करत होता. त्यानं घडवलेलं आपल्यात शिल्लक होतं त्यावर प्रेम, आपण केलं त्याचा द्वेष. हाच उतारा पुढं कॅल्विननं आपल्या मुख्य ग्रंथात (2.16.4) घेतलाय. म्हणजे कन्ना चौकवाल्यांचा माणूस आणि आमचा माणूस इथं एकाच पानावर.

कन्ना चौक
कॅल्विन आमचा आहे, पण तुमच्या पानावर नाही. तो हे निवडलेल्यांबद्दल बोलतोय की. बाकीच्यांचं काय, ते सांगा.

सात रस्ता
बाकीच्यांचं यहेज्केल 33:11 ला आहे : दुर्जनाच्या मरणात मला संतोष नाही, त्यानं फिरावं आणि जगावं यात आहे. योना 4:11 ला निनवेतल्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची कणव आहे, वर गुराढोरांचीही. ती इस्राएलाची माणसं नव्हती.

रेल्वे लाइन्स
वाद चालू द्या, पण तरुण संघात हा विषय घेणाऱ्यांसाठी थोडं. एका बैठकीत तीनच उतारे घ्या. दहा घेतले की प्रत्येक जण आपल्या आवडीचं एक धरून बसतो. आधी स्तोत्र 5 पूर्ण, बारा वचनंच आहेत. मग रोमकरांस 3:9-18, आणि कुठली ओळ स्तोत्रातून आली ते पोरांनाच शोधायला लावा, आपण सांगू नका. शेवटी लूक 19:1-10. जकातदार जक्कयानं निम्मी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याचं चौपट परत देण्याचं कबूल केलं आठव्या वचनात, पण येशू त्याच्या घरी उतरायचं पाचव्यातच ठरवतो. तारणाची घोषणा नवव्यात. प्रेम, पश्चात्ताप, तारण हा क्रम त्यात उघड दिसतो. लोक इथं एक चूक हमखास करतात : पाचवं आणि नववं वचन एकच समजतात. मग एक गट म्हणतो पश्चात्तापाची गरजच नाही, दुसरा म्हणतो सुधारल्याशिवाय येशू दारात येत नाही.

आणि भीती घालून सुरुवात करू नका. 8 जुलै 1741 ला अमेरिकेतल्या एनफिल्डमध्ये पाळक जोनाथन एडवर्ड्सनं आगीवर धरलेल्या कोळ्याची उपमा देऊन जे प्रवचन केलं, त्यात लोक मध्येच रडू-ओरडू लागले होते. आपल्याकडं आलेलं अमेरिकन मराठी मिशन न्यू इंग्लंडच्या त्याच परंपरेतलं, तरी त्याच मिशनमध्ये काम केलेल्या रेव्हरंड टिळकांच्या गीतांतून मराठी मंडळीला लागलं ते येशूच्या मायेचं वेड. मराठी माणूस धाकानं नाही, भक्तीनं आत येतो, असं माझं मत.

कंबर तलाव
क्रम चांगला आहे. पण योहान 3:36 पुन्हा वगळलंत. एडवर्ड्स नको म्हणून योहानही नको?

रेल्वे लाइन्स
पुढच्या बैठकीला घ्या, पण 16 वरून उडी मारून 36 ला जाऊ नका. मधली 17 ते 21 वाचा : पुत्र न्याय करायला पाठवला नाही, उजेड आला आणि माणसांना अंधार आवडला. क्रोध कोणावर आणि का राहतो ते तिथं लिहिलंय. ही पाच वचनं सोडली की 36 वं नुसतं धमकीसारखं वाजतं.