मदत हवी आहे: व्हीपीएन जोडलं जातं, पण रिमोट डेस्कटॉपचा पडदा काळाच राहतो

नमस्कार मंडळी,

मी पुण्यातल्या एका कंपनीचं अकाउंट्सचं काम दिग्रसजवळच्या गावातून करते. टॅली ऑफिसच्या पीसीवर आहे, तिथं व्हीपीएनमधून (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) रिमोट डेस्कटॉपनं जाते, म्हणजे त्या पीसीचा पडदा इथं लॅपटॉपवर दिसतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सगळं नीट चालतं, पण रेंज फक्त गच्चीवर मिळते आणि या उन्हात तिथं बसवत नाही. म्हणून गावात फायबर आल्याबरोबर घेतलं. नेमकं त्यावरच घोडं अडलंय.

व्हीपीएन 'कनेक्टेड' दाखवतं. रिमोट डेस्कटॉप पासवर्ड मागतो, घेतोही. मग काळा पडदा आणि थोड्या वेळानं 'रीकनेक्टिंग'.

घर आणि ऑफिस दोन्हीकडे आयपी पत्त्यांची १९२.१६८.१ हीच मालिका होती, घरची बदलली, फरक नाही. पीसीच्या नावाऐवजी थेट आयपी टाकला, तरी तेच. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट उघडं दिसतं. लाइटचाही संबंध नाही, राउटर इन्व्हर्टरवर आहे.

मला संशय एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा आहे. व्हीपीएन चालू ठेवून ऑफिसच्या पीसीला पिंग केलं (पॅकेट पाठवून उत्तर येतं का पाहिलं), पॅकेटचे तुकडे करायचे नाहीत हा '-एफ' पर्याय लावून. १२०० बाइटला उत्तर येतं, १३५० ला नुसतं 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. तुकडे करावे लागतील असा निरोपही येत नाही, म्हणजे मोठं पॅकेट वाटेतच गडप होतंय. लॉगिनची छोटी पॅकेटं पोचतात, पडद्याचं चित्र आणणारी मोठी पोचत नाहीत, असं असेल का? फायबर पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्डनं होणारी नेटची जोडणी) आहे, त्यामुळे एमटीयू १५०० ऐवजी १४९२ बाइट.

आयटीवाले म्हणतात तुमच्या नेटचा दोष, नेटवाला म्हणतो स्पीड तर पूर्ण येतोय. लॅपटॉपवर अ‍ॅडमिन अधिकार नाहीत. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायचा आहे. आयटीला नेमकं काय करायला सांगू?

उत्तर:

ताई, संशय बरोबर आहे, पण दोष एकट्या पीपीपीओईचा नाही. १३५० मध्ये हेडरचे (पॅकेटवरच्या पत्त्याच्या माहितीचे) २८ बाइट मिळवले की १३७८, त्यावर व्हीपीएनचं वेष्टन साधारण ६०-८० बाइट. हे १४९२ मध्ये बसायला हवं होतं. पुढं नेटवाल्याकडंच वाट अरुंद असणार. व्हीपीएन बंद करून बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर '-एफ' लावून १४६४ चं पिंग करा. गेलं नाही तर तो स्क्रीनशॉट नेटवाल्याला दाखवा, स्पीड टेस्टमध्ये हे दिसतच नाही.

तोवर आयटीला एवढंच सांगा: लॅपटॉपच्या व्हीपीएन अ‍ॅडॅप्टरचा एमटीयू नेटश या विंडोजच्या कमांडनं १२०० करून द्या, 'स्टोअर=पर्सिस्टंट' लावून, नाहीतर रीस्टार्टनंतर जाईल. बदल फक्त तुमच्याकडे पुरतो, कारण टीसीपी जोडणी सुरू होतानाच तुमचा लॅपटॉप ऑफिसच्या पीसीला किती मोठे तुकडे पाठवायचे ते कळवतो. एवढ्यावर पडदा आला नाही तर ग्रुप पॉलिसीतून (विंडोजची सेटिंग्ज) रिमोट डेस्कटॉप क्लायंटचं यूडीपी (टीसीपीशिवायची दुसरी पाठवणी पद्धत) बंद करायला सांगा. त्यांच्या दृष्टीनं पाच मिनिटांचं काम आहे, ११ तारखेच्या आत करून घ्या.