लॅबमध्ये व्हीएस कोडमधून गिट: नुसत्या बटणांवर भागेल का?

नांदेड_डिप्लोमा:
नमस्कार. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) शिकवायचंय. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं की बिचकायलेत, म्हणून सगळं व्हीएस कोड या एडिटरच्या सोर्स कंट्रोलमधून, म्हणजे गिटच्या बटणांवरून करावं म्हणतो. विंडोज मशिन आहेत, लॉगिन सगळ्यांना एकच 'स्टुडंट'. अडचणी अशा: दुसऱ्या बॅचला पुश करताना, म्हणजे कोड गिटहब या साइटवर पाठवताना, 403 (परवानगी नाही) असा एरर येतो. डी ड्राइव्हवर ॲडमिनमधून टाकलेलं फोल्डर 'ड्युबियस ओनरशिप' (मालकी संशयास्पद) म्हणतं. लाईट जाऊन आली की काही मशिनवर कमिटच (बदलांची गिटमध्ये नोंद) होत नाही. उपाय सांगा.

औसेकर:
सर, 403 चं मूळ त्या एकाच लॉगिनात आहे. गिटहबने 13 ऑगस्ट 2021 पासून गिटसाठी पासवर्ड बंद केला. आता ब्राउझरमधून एकदा साइन-इन केलं की क्रेडेन्शियल (लॉगिनची माहिती) विंडोजमध्ये साठतं. सकाळच्या पोराचं तिथं राहतं आणि दुपारचा पोरगा त्याच्याच नावावर पुश करतो, त्या नावाला परवानगी नसते म्हणून 403. कंट्रोल पॅनेल → क्रेडेन्शियल मॅनेजर → विंडोज क्रेडेन्शियल्स इथून 'गिटहब'ची नोंद काढा. कायमचा उपाय म्हणजे प्रत्येकाला वेगळं विंडोज लॉगिन.

तोवर यूजर.नेम आणि यूजर.ईमेल 'ग्लोबल' न ठेवता प्रत्येक रिपॉझिटरीपुरतं (गिटमधल्या एका प्रोजेक्टपुरतं) द्या. पुश लॉगिनवर चालतं, पण कमिटवर नाव या सेटिंगमधलं चढतं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मार्क द्यायच्या वेळी गोंधळ इथंच होतो.

ओनरशिपचं म्हणाल तर गिटच्या 2022 मधल्या 2.35.2 आवृत्तीपासून दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरमध्ये गिट चालायला नकार देतं. 'मॅनेज अनसेफ रिपॉझिटरीज'वर क्लिक करून परवानगी देता येते. पण फोल्डर कॉपी करून देण्यापेक्षा पोरांनाच क्लोन करू द्या (गिटहबवरून प्रत उतरवून घेऊ द्या), प्रश्नच उरत नाही.

जालना_लिनक्स:
लाईटचं मी सांगतो. गिट इंडेक्स (पुढच्या कमिटसाठीची फाईलींची यादी) लिहिताना आधी 'इंडेक्स.लॉक' नावाची फाईल करतं आणि काम झालं की काढतं. मधेच लाईट गेली की ती तशीच राहते. मग 'दुसरी गिट प्रोसेस चालू आहे' अशा अर्थाचा एरर येतो.
1. व्हीएस कोड बंद करा.
2. टास्क मॅनेजरमध्ये गिट चालू नाही ना, ते बघा.
3. एक्सप्लोररमध्ये 'हिडन आयटम्स' चालू करून '.गिट' फोल्डरमधली ती फाईल डिलीट करा. बाकी कशाला हात लावू नका.

'ऑब्जेक्ट फाईल इज एम्प्टी' आलं तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नका. नवीन क्लोन घ्या आणि जुन्या फोल्डरमधल्या फक्त कोडच्या फाईली त्यात टाका, '.गिट' नको. म्हणून तास संपायच्या आत पुश करायची सवय लावा. लॅबचं इन्व्हर्टर काय भरवशाचं!

बीड_डेव्ह:
बटणांना माझा विरोध नाही, पण खाली आउटपुट पॅनेल उघडून यादीतून 'गिट' निवडून ठेवा. कुठल्याही बटणामागे कोणती कमांड चालली ते तिथं दिसतं. टर्मिनलची भीती त्यानेच जाते.

तीन बटणं नीट समजावा. 'सिंक' म्हणजे आधी पुल (गिटहबवरचे बदल आपल्याकडे आणणं), मग पुश. नुसतं पुश समजून दाबलं की दुसऱ्याचे बदल आत येऊन कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांचे वेगळे बदल) होतो आणि पोरगं म्हणतं, मी तर काहीच केलं नाही. काहीच स्टेज न करता (कमिटसाठी फाईली न निवडता) 'कमिट' दाबलं तर सगळंच स्टेज करू का असं विचारतो. तिथं 'ऑलवेज' निवडलं की पुढे कधी विचारतच नाही, नको त्या फाईलीही कमिटमध्ये जातात. 'डिस्कार्ड' (बदल टाकून देणं) सगळ्यात घातक. कमिट न केलेले बदल गिटला परत आणता येत नाहीत. फाईल सेव्ह केलेली असेल तर एक्सप्लोररच्या तळाशी 'टाइमलाइन'मध्ये जुनी प्रत सापडू शकते.

नांदेड_डिप्लोमा:
लई उपयोगाचं झालं. जावाचं प्रॅक्टिकल एक्लिप्सवर आहे, तिथं पण हेच का?

औसेकर:
थोडं वेगळं. एक्लिप्समधलं गिट म्हणजे ईगिट, ते जेगिट या लायब्ररीवर चालतं, आणि जेगिट जावामध्येच लिहिलेलं आहे, त्यामुळे वेगळं गिट टाकावं लागत नाही. प्रोजेक्टवर राइट क्लिक → टीम → शेअर प्रोजेक्ट. कॉन्फ्लिक्ट सोडवल्यावर टीममधून 'ॲड टू इंडेक्स' करायला विसरू नका. त्याशिवाय फाईलवरची लाल खूण जात नाही आणि कमिटही होत नाही.