मदत हवी आहे: ॲडव्हान्स इंग्लिश व्होकॅब्युलरी आणि इडियम्स (अर्जंट)

सांगलीकर_९१:
नमस्कार मंडळी. इंग्लिश व्होकॅब्युलरी ॲडव्हान्स करायची आहे आणि इडियम्स पण, कॉमन आहेत तेवढे सगळे. दीड महिना हातात आहे. चांगलं पुस्तक, ॲप, पीडीएफ काय असेल ते सांगा. "रोज पेपर वाचा", "सबटायटल लावून पिक्चर बघा" हे कृपया नको, करून झालंय.

मिरज_जंक्शन:
कशासाठी पाहिजे ते लिही की भावा. आयईएलटीएस का एमपीएससी का नुसतं पाव्हण्यांवर छाप पाडायला? आत्ता लेव्हल काय आहे?

सांगलीकर_९१:
परीक्षा नाही. कामासाठी. लेव्हल मीडियम.

निवृत्त_मास्तर:
प्रथम "ॲडव्हान्स" नव्हे, "ॲडव्हान्स्ड". छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, अनुभवाने सांगतो. रोज दहा शब्द वहीत लिहा, समोर अर्थ, विरुद्धार्थी आणि एक वाक्य. म्हणी पाठ करा. "इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज", "ॲन ॲपल अ डे" वगैरे. पाठांतराला पर्याय नाही.

विश्रामबागवाली:
सर, राग मानू नका, पण सहा वर्षं मी रोज परदेशातल्या लोकांसोबत कॉलवर असते आणि ते कुत्र्यामांजरांचं वाक्य आजवर एकदाही कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. फक्त आपल्याकडच्या निबंधात ऐकलंय. ते लोक "पोअरिंग" म्हणतात आणि विषय संपवतात. ऑफिसात खरे चालतात ते म्हणजे "बॉलपार्क फिगर" (अंदाजे आकडा), "लूप इन करणं" (त्या माणसालाही मेलमध्ये घेणं), "सर्कल बॅक" (ह्यावर नंतर बोलू, जे बऱ्याचदा कधीच होत नाही).

कोडवाला_पुणे:
अँकी वापर, फ्लॅशकार्डचं ॲप आहे. ॲन्ड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच दाखवलंय की पाठ केलेलं माणूस किती भराभर विसरतो, त्यामुळे ज्या दिवशी विसरायला येईल त्याच दिवशी परत समोर आलं पाहिजे, ते गणित ॲप करतं. शब्द कुठले घ्यायचे तर ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट घे, ५७० शब्दकुळं (एका मूळ शब्दापासून झालेले शब्द म्हणजे एक कुळ) आहेत, कॉक्सहेड नावाच्या भाषातज्ज्ञ बाईंनी २००० साली काढलेली. रोज तेरा-चौदा कुळं केलीस तर दीड महिन्यात बसतंय.

विश्रामबागवाली:
ती यादी विद्यापीठातल्या पुस्तकांवरनं काढली आहे. एकही इडियम नाही त्यात. काम काय आहे ते अजून त्यानं सांगितलं नाही आणि तुम्ही यादी दिली पण.

कोडवाला_पुणे:
यादी कुठलीही असू दे, सिस्टीम महत्त्वाची.

निवृत्त_मास्तर:
वही ही सुद्धा सिस्टीमच आहे. बॅटरी लागत नाही.

भडंगप्रेमी:
स्टँडजवळ संध्याकाळी स्पोकन इंग्लिशचा एक क्लास चालतो, माझा मेव्हणा जायचा. फी जास्त नाही. तिथून येताना भडंग घेऊन यायचा, त्यामुळे घरात कुणाची तक्रार नव्हती.

मिरज_जंक्शन:
मेव्हण्याला इंग्लिश आलं का?

भडंगप्रेमी:
तो आता रिक्षा चालवतो. पण भडंग चांगली आणायचा.

सांगलीकर_९१:
क्लासला वेळ नाही हो. सकाळी दहा ते रात्री नऊ मार्केट यार्डात असतो.

मिरज_जंक्शन:
यार्डात?? मग हळद आली. एक्स्पोर्टवाला आहेस का? हे पहिल्यांदाच सांगायला काय झालं होतं लगा.

सांगलीकर_९१:
त्यात काय सांगायचं, सगळेच हळदीत आहेत इथं. बाहेरच्या बायरना मेल मी लिहितो. आता सांगतोच काय झालं ते. अमेरिकेचा एक बायर, राजापुरी हळदीचा कंटेनर घेणार होता. त्यानं लिहिलं, "आय थिंक वी शुड टेबल द प्राइसिंग क्वेश्चन". मी आदल्याच आठवड्यात एका पीडीएफमधनं "टेबल" पाठ केलेला, अर्थ "चर्चेसाठी मांडणे". म्हटलं रेट मागतोय. शेठना विचारून हळकुंडाचा शेवटचा रेट, जो आम्ही दोन-तीन मेलनंतर देतो, तो एका झटक्यात पाठवून दिला. पॅकिंगसकट. त्याचं उत्तर काय, तर "थँक्स, आय थॉट वी वर होल्डिंग ऑफ ऑन धिस". म्हणजे त्याला विषय बाजूला ठेवायचा होता. आता त्याच्याकडं आमचा तळाचा रेट आहे आणि तो त्याच्याही खाली बोलतोय. शेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी बोलले ते बरं झालं नाही. दीड महिन्यानं दुसरा माल निघतो, तोवर मला तयार व्हायचंय.

मिरज_जंक्शन:
अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणजे हेच 😀

विश्रामबागवाली:
अरे तुझं पाठांतर चुकलेलं नाही. इंग्लंडात "टेबल करणं" म्हणजे विषय चर्चेला घेणं, अमेरिकेत म्हणजे चर्चा पुढं ढकलणं. एकच शब्द, बरोबर उलटा. "मूट पॉइंट"चं पण तसंच, इंग्लंडात त्यावर वाद होऊ शकतो, अमेरिकेत त्यावर बोलण्यात अर्थ उरलेला नाही. म्हणून तुझ्या वहीत शब्दासमोर अर्थ लिहून भागणार नाही, कोण म्हणालं आणि तो कुठला हे पण पाहिजे. बायरांचे जुने मेल काढ, त्यातलं अख्खं वाक्य उचलून लिही. तुझी यादी तुझ्याच इनबॉक्समधे आहे.

कोडवाला_पुणे:
आणि ती वाक्यं अँकीत टाक, शब्दाच्या जागी मोकळी जागा सोडून.

निवृत्त_मास्तर:
किंवा वहीत.

विश्रामबागवाली:
उलट्या बाजूनं पण बघ. आपण "काइंडली रिव्हर्ट" लिहितो उत्तर द्या म्हणून, तिकडं "रिव्हर्ट" म्हणजे पहिल्या स्थितीला परत जाणं. "प्रीपोन" (वेळ अलीकडे आणणं) तर तिकडं बऱ्याच जणांना कळतच नाही. समजलं नाही की सरळ विचारायचं, "डू यू मीन नाऊ ऑर लेटर?" त्यात कमीपणा नाही, तळाचा रेट देण्यात आहे.

भडंगप्रेमी:
सध्या हळदीचा सौदा काय निघतोय? घरी पाच क्विंटल पडून आहे.

सांगलीकर_९१:
ते नंतर सांगतो. ताई, आत्ताच एका दुसऱ्या बायरचा मेल आलाय. सॅम्पल "क्वाइट गुड" आहे म्हणतो. हे चांगलं का वाईट? शेठ समोर बसलेत, पटकन सांगा.

विश्रामबागवाली:
अमेरिकन असेल तर चांगलंच खूश आहे. इंग्लंडचा असेल तर "बरं आहे, ठीक आहे". बायर कुठला?

सांगलीकर_९१:
दुबईचा. पण नावावरनं माणूस केरळचा वाटतोय.