कैदेत मेलेल्या सैनिकांची स्मारकं : तुमचे अनुभव सांगा

मागच्या डिसेंबरात थायलंडला गेलो होतो. क्वाई नदीच्या पुलावर ग्रुपचे सेल्फी चालले होते, बस सुटायला अर्धा तास होता, म्हणून मी कांचनाबुरीच्या युद्धस्मशानात शिरलो. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी 1942-43 मध्ये युद्धकैद्यांना राबवून 415 किलोमीटरची सयाम-बर्मा रेल्वे बांधली. त्यांतले जवळपास 7,000 जण इथे आहेत. वय 22, वय 24... वाचता वाचता बस विसरलो. त्याच रुळांवर मलायाच्या मळ्यांतले तमिळ मजूरही मेले, कैद्यांपेक्षा कितीतरी जास्त. त्यांच्यासाठी अशी नावांची रांग नाही. नागपुरात परतल्यावरही ते डोक्यातून जाईना. तुमच्यापैकी कोणी अशा जागी गेलंय? घरात अशी गोष्ट आहे?

धरमपेठची मावशी : लेक बर्लिनला असते. तिथून जवळ झेरेन्सडॉर्फला पहिल्या महायुद्धातल्या 206 भारतीय कैद्यांची दफनभूमी आहे. मी वाटेत उदबत्ती शोधत बसले, मिळाली नाही. ते कैदी जवळच्या छावणीत होते, तिथे जर्मनांनी कैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले होते. मल सिंग नावाचा शीख जवान 1916 मध्ये घरच्या लोण्याबद्दल बोलतोय. लेकीनं मोबाईलवर लावलं, मला पूर्ण ऐकवलं नाही.

अजनीकर : आमचे पणजोबा 117 व्या मराठा पलटणीत. मूळ गाव साताऱ्याकडचं; आजोबा रेल्वेत लागले अन् इकडे आले. एप्रिल 1916 मध्ये इराकातलं कूत पडलं, तुर्कांनी सुमारे 13,000 जणांना धरून वाळवंटातून पायी नेलं. पणजोबांची काही खबर नाही. पणजीनं म्हणे कुंकू पुसलंच नाही. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं आहेत, आपल्या शिपायांचे पलटणीनुसार फक्त आकडे. काहून? मी तर तिथं गेलो नाही, पण हे वाचल्यापासून राग येऊन राहिला.

मावशी : अजनीकर, दगडावर नसलं तरी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था आहे, तिच्या यादीत शोधा. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव असतं. स्पेलिंग मात्र साहेबाच्या कानाचं, चार-पाच तऱ्हांनी टाकून पाहा.

अजनीकर : मावशी, पाह्यलं. त्याच नावाचे तिघं निघाले. एकाच्या बापाचं नाव जुळते, गाव मात्र कायच्या काय लिहिलंय. आत्याला फोन लावून राहिलो, गावाचं जुनं नाव तिलाच ठाऊक.