पुण्याची एलएलबी, महाराष्ट्राची सनद, मुक्काम न्यू जर्सी: बारच्या परीक्षेसाठी एलएलएम करावंच लागतं का?

नमस्कार मंडळी,

बी.कॉम.नंतर पुणे विद्यापीठाची तीन वर्षांची एलएलबी केली, एआयबीई (वकिलांची अखिल भारतीय पात्रता परीक्षा) झाली, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद आहे. नगरकडे काही वर्षं दिवाणी बाजूची कामं केली: वाटपाचे दावे, मनाई अर्ज, वारस दाखले. गेल्या वर्षी एडिसनला आले. नवरा एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे, त्याचा आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा कंपनीचा अर्ज) मंजूर असल्यामुळे मला एच-४वर (जोडीदाराच्या व्हिसावर) वर्क परमिटही मिळालंय.

इथे ज्याला विचारावं तो म्हणतो, आधी एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) कर. फीचे आकडे पाहून घरात शांतता पसरली. तेव्हा विचारते: एलएलएमशिवाय बारची, म्हणजे इथल्या वकिली परवान्याची, परीक्षा देता येते का? राहतो न्यू जर्सीत, तर परीक्षा इथलीच द्यायची ना? आणि तोवर भारतीय कायद्याचा सल्ला फी घेऊन देता येईल का? कोथरूडचा फ्लॅट, गावाकडची वारसनोंद, बहिणींचं हक्कसोडपत्र, असं काही ना काही प्रत्येक हळदीकुंकवाला कोणीतरी विचारतंच.

"पॅरालीगल (वकिलाची मदतनीस) हो" हा सल्ला ऐकून झालाय, तो सोडून बोला.

हडसनकाठ:
ताई, न्यू जर्सी आधी डोक्यातून काढा. तिथे अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या लॉ स्कूलची जेडी (इथली कायद्याची मूळ पदवी) लागते; परदेशी पदवीवर एलएलएम चढवूनही भागत नाही. आपली निम्मी मंडळी एडिसन-इसेलिनमध्ये राहते आणि परीक्षा नदीपलीकडची देते, त्याचं कारण हेच.

न्यूयॉर्कला दोन गोष्टी तपासतात. कायद्याचं शिक्षण इथल्याइतक्या मुदतीचं आहे का, आणि ते इंग्लिश कॉमन लॉवर आधारलेल्या देशातलं आहे का. भारत दुसऱ्यात बसतो. कॉलेजात जाऊन केलेली तीन वर्षांची एलएलबी पहिल्यात सहसा बसते. दोन्ही बसल्या तर एलएलएमची गरज नाही. एलएलएम असतं ते दोहोंपैकी एक बाजू लंगडी असेल तर ती भरून काढायला, आणि तेही किमान २४ क्रेडिटचं, अमेरिकेत वर्गात बसून केलेलं. दोन्ही बाजू लंगड्या असतील तर त्यानेही काही होत नाही. हे लॉ स्कूलचं प्रवेश कार्यालय आपणहून कशाला सांगेल!

म्हणून कुठेही पैसे भरायच्या आधी न्यूयॉर्कच्या बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्सकडे पात्रतेची तपासणी मागा. तुमच्या फाइलवर निर्णय त्यांचाच. मी किंवा आणखी कोणी छातीठोक सांगितलं तरी त्याला अर्थ नाही. उत्तर यायला महिने लागतात, तेव्हा आजच सुरू करा.

सनदशीर:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण कॅलिफोर्नियाही लक्षात ठेवा. परदेशात सनद असलेल्या वकिलाला तिथे एलएलएमशिवाय थेट परीक्षेला बसता येतं. मात्र पूर्ण परीक्षा द्यावी लागते. फक्त लेखी भाग देण्याची सवलत अमेरिकेतल्याच दुसऱ्या राज्यांतल्या वकिलांना आहे. "मी राहते न्यू जर्सीत, कॅलिफोर्निया घेऊन काय करू?" असं म्हणाल. इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा आहे. कुठल्याही एका राज्याचा वकील इमिग्रेशन खात्यापुढे अशिलाचं काम चालवू शकतो. न्यू जर्सीच्या कोर्टात घटस्फोट चालवायला अर्थातच नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल: हळदीकुंकवाला सांगणं वेगळं, फी घेणं वेगळं. न्यूयॉर्कमध्ये परीक्षा न देता 'लीगल कन्सल्टंट' म्हणून परवाना मिळतो, पण अर्जाच्या लगतच्या पाच वर्षांपैकी तीन वर्षं वकिली केलेली असावी लागते. न्यू जर्सीतही तशी सोय आहे, अटी वेगळ्या. इथे घरी बसून जितकी वर्षं जातील तितकी ही वाट अरुंद होते, तेव्हा "बघू पुढे" करू नका. आणि सनद जिवंत ठेवा. बार कौन्सिलचं गुड स्टँडिंगचं (सनद चालू आणि निर्वेध असल्याचं) प्रमाणपत्र जागोजागी मागतात.

लिंबूटिंबू_वकील:
एलएलएमला इतकंही मोडीत काढू नका. मी केलं. परीक्षेसाठी नाही, नोकरीसाठी. मोठ्या फर्मच्या मुलाखती, ओळखी, इथल्या पद्धतीचं ड्राफ्टिंग, हे सगळं तिथेच मिळालं. आपल्याकडचं "सबब प्रस्तुत वादी विनंती करतो की" वळण हातातून जाता जात नाही हो.

परीक्षेला मात्र कमी लेखू नका. न्यूयॉर्कची परीक्षा म्हणजे दोन दिवस, २०० बहुपर्यायी प्रश्न, सहा निबंध, दोन मसुद्याचे प्रश्न. पास व्हायला ४०० पैकी २६६ लागतात. परदेशी पदवीधरांचा निकाल सहसा निम्म्याहून कमी लागतो. पुन्हा बसायचं तर दर वेळी फी. परदेशी पदवीवाल्यांना ७५० डॉलर. नीतिनियमांची परीक्षा वेगळी, आणि प्रवेशाआधी ५० तास विनामोबदला कायदेसेवा. ती अमेरिकेबाहेर केलेलीही चालते, अटी वाचून घ्या.

मूळ लेखिका:
सगळ्यांचे आभार. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला, चेहरा उजळला. आता कागद. गुणपत्रकं आणि सनद माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या. अडेल का?

हडसनकाठ:
अडत नाही, रखडतं. विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर त्याची प्रत, दोन्ही पहिल्याच अर्जाबरोबर जोडा. ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) विद्यापीठाकडून थेट बोर्डाला गेलं पाहिजे. तुमच्या हातून गेलेलं चालत नाही, भाऊ घेऊन आला तरी नाही. त्यावर शिक्षणाच्या तारखा आणि पदवी मिळाल्याची तारीख आहे ना, हे भावाला खिडकीवरच बघायला सांगा. त्या नसल्या तर सगळं पहिल्यापासून.