सीसीआधी क्रँककेस पाहावा
बाभळीच्या जाड ओंडक्यांसाठी टिकाऊ चेनसॉ (इंजिनवर चालणारी साखळी-करवत) कोणता, या प्रश्नावर बहुतेक उत्तरे केवळ सीसीवर, म्हणजे इंजिनच्या आकारमानावर थांबतात. माझ्या मते आधी क्रँककेस, म्हणजे इंजिनचा फिरता दांडा ज्यात बसतो ते कवच, पाहावा. स्टिल कंपनीच्या ४५.४ सीसीच्या एमएस २५० मध्ये इंजिन प्लास्टिकच्या सांगाड्यात बसते, तर ५०.२ सीसीच्या एमएस २६१ चा क्रँककेस मॅग्नेशियमचा असल्याने रोजच्या उष्णतेत आणि हादऱ्यांत त्या दांड्याच्या बेअरिंगची बैठक अधिक काळ टिकते. अधूनमधून जळण फोडणाऱ्याला पहिला पुरेसा आहे, परंतु रोज तोड करणाऱ्याने दुसऱ्यावरच खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन. वाळलेली बाभूळ साखळीचे दात लवकर बोथट करते, त्यामुळे कानस सोबत असावी. पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-स्ट्रोक इंजिनचे वंगण तेल कमी पडल्यास पिस्टन ओरखडतो, आणि मग महागडे यंत्रही वाचत नाही.